एनबीए, जून 2025: यानिससाठी नंबर 2 पिक द्यावा का? सॅन अँटोनियो स्पर्सवाल्यांनो, बोला

वेम्बीवेडा
ड्राफ्ट (नव्या प्लेअर्सची निवड, त्यातला निवडीचा नंबर म्हणजे पिक) तोंडावर आलाय आणि आमच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. चर्चेतला ट्रेड असा आहे की मिलवॉकी बक्सला नंबर 2 (म्हणजे डायलन हार्परच धरा), नंबर 14, आपल्याकडे आलेला अटलांटाचा 2027 चा फर्स्ट (पहिल्या फेरीतला पिक), स्पर्सचा स्वतःचा 2029 चा फर्स्ट, आणि पगार जुळवायला आपले व्हॅसेल नि केल्डन जॉन्सन. बदल्यात त्यांचा स्टार यानिस. परवा ऑरलँडोने डेस्मंड बेनसाठी 4 फर्स्ट आणि एक स्वॉप (पिकची अदलाबदल करायचा हक्क) दिला, तो तर एकदाही ऑलस्टार नाही, मग यानिससाठी हे स्वस्तच आहे असं अर्ध्या ग्रुपचं म्हणणं आहे. मला मात्र नंबर 2 हातातून जातोय हे पचत नाहीये. किंमत नेमकी कशी लावायची?

कोर्टसाइड_कोल्हापूर
भावा, पिक मोजून किंमत लावायची नसते, तो कुणाचा आहे आणि कधीचा आहे ते बघायचं. 2022 ला मिनेसोटाने गोबेअरसाठी 4 फर्स्ट, एक स्वॉप आणि वर वॉकर केसलर दिला, सगळ्यांनी शिव्या घातल्या, पण पुढे टीम लागोपाठ दोन वर्षं कॉन्फरन्स फायनलला (फायनलच्या आधीच्या फेरीला) गेली, मग पिक घेणाऱ्या युटाच्या हातात लॉटरीतलं (पहिल्या 14 नंबरांतलं) काय लागणार. उलट क्लिपर्सने 2019 ला पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला (ओकेसी) शे गिल्जस-अलेक्झांडर तर दिलाच, शिवाय 5 फर्स्ट दिले, त्यातला 2022 चा पिक बाराव्या नंबरवर आला आणि ओकेसीने जेलन विल्यम्स घेतला, शे आणि तो दोघं 2025 च्या फायनलला पोचले. यानिस आला तर स्पर्सचे स्वतःचे पिक पंचविशीच्या पुढेच जाणार, ते खुशाल द्या. अटलांटाचा मात्र वेगळा हिशोब, ती टीम चार वर्षं प्ले-इनमध्येच (प्लेऑफच्या आधीच्या पात्रता लढतींत) अडकलीये आणि तो पिक अनप्रोटेक्टेड (कितवाही आला तरी मिळणारच) आहे.

ऑस्टिनकर
कोल्हापूरकर बरोबर बोलतायत, फक्त एक गोष्ट सगळे विसरतायत, स्टेपियन रूल. पुढच्या सलग दोन वर्षांत एकही फर्स्ट हातात नाही अशी वेळ टीमला स्वतःवर आणता येत नाही. स्पर्सनी स्वतःचा 2027 चा फॉक्सला आणायच्या ट्रेडमध्ये सॅक्रामेंटोला देऊन टाकलाय, म्हणजे त्या वर्षी आपल्याकडे अटलांटाचाच काय तो आहे. तो बक्सला दिला की 2026 आणि 2028 दोन्ही वर्षी फर्स्ट ठेवावाच लागणार, तिथे फार तर स्वॉप करता येईल. म्हणजे पुढे अजून कोणी प्लेअर आणायचा तर 2031 शिवाय फारसं काही उरत नाही. आणि अटलांटाचा पिक बक्सला इतरांपेक्षा जास्त हवा असणार, कारण होलिडे आणि लिलार्डच्या ट्रेडमध्ये त्यांनी आपले पिक आणि स्वॉप 2030 पर्यंत वाटून टाकलेत, मुद्दाम हरून त्यांना काही मिळणार नाही, दुसऱ्याच्या पिकवरच टीम उभी करायचीये.

तिसरा_क्वार्टर
मी तर नंबर 2 डोळे झाकून देईन. गेल्या काही वर्षांतले दुसऱ्या नंबरचे बघा ना, 2018 बॅगली, 2019 जा मोरँट, 2020 वाइझमन, 2021 जेलन ग्रीन, 2022 चेट. पाचातले दोन टॉपचे, दोन गेले कामातून, आणि त्यातल्या एकाचीही यानिसशी बरोबरी होत नाही. 30 पॉइंट्सची सरासरी असलेला माणूस समोरून येतोय, आणि आपला स्टार वेम्बी (वेम्बान्यामा), त्याला फेब्रुवारीत रक्ताची गाठ झाली होती हे विसरू नका, आपल्याकडे दहा वर्षं आहेत असं गृहीत धरून बसू नका.

वेम्बीवेडा
दादा, यानिस भारी आहे यात वादच नाही, पण तो डिसेंबरमध्ये 31 चा होतोय. पुढच्या सीझनला पगार 54 मिलियन डॉलर, आणि 2027-28 ला वेम्बीचा मॅक्स (जास्तीत जास्त पगाराचा करार) चालू होणार तेव्हा यानिसचे 62 च्या वर, फॉक्स वेगळाच. त्याच वर्षी हार्पर अजून रुकी डीलवर (नव्या प्लेअरच्या पहिल्या, स्वस्त करारावर) असेल, यानिसच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमीत खेळणारा. तीन मोठे पगार असताना असा एक स्वस्त आणि चांगला प्लेअर नसेल तर बेंच कशाने भरणार, दुसऱ्या एप्रनच्या (टीमच्या एकूण पगारावरच्या सगळ्यात वरच्या मर्यादेच्या) वर गेलं तर ट्रेडसाठी हातपायच बांधले जातात. ऑस्टिनकर, स्टेपियनचं खरंच लक्षात आलं नव्हतं, थँक्यू. आता माझी ऑफर अशी, नंबर 14, अटलांटाचा 2027, आपले 2029 आणि 2031, शिवाय 2028 आणि 2030 चे स्वॉप, सगळं अनप्रोटेक्टेड. नंबर 2 आणि आपल्या तरुण कॅसलला हात लावायचा नाही. बक्स नाही म्हणाले तर नाही.

ऑस्टिनकर
ऑफर पटली, पण ह्यूस्टनकडे फिनिक्सचा यंदाचा नंबर 10 आहे आणि 2027 चाही आहे. त्यांनी ते दोन्ही आणि जेलन ग्रीन समोर ठेवला तर तू नंबर 2 वर तरीही अडून राहशील?