विधानसभेत विधेयक मांडलं जातं तेव्हा कोणीच का बोलत नाही? अर्ध्या मिनिटात एक?

चाळकरी_गिरगाव

गेल्या अधिवेशनात आयुष्यात पहिल्यांदा विधान भवनात गेले. चर्चगेटला उतरून चालत नरिमन पॉइंट, गेटवर पास दाखवला, मोबाईल काढून ठेवला, पर्स तपासली आणि वर प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. जन्म मुंबईतला, वय चौतीस, रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाते आणि ती गोल इमारत आतून कधीच बघितली नव्हती.

प्रश्नोत्तरं झाली, मग बराच वेळ गोंधळ, मग लक्षवेधी, आणि त्यानंतर एकदम शांतता. आता शासकीय विधेयकं म्हणाले. एक मंत्री उठले, विधेयकाचं लांबलचक नाव वाचलं, मांडायला अनुमती मागितली, अध्यक्षांनी मताला टाकलं, खालून होय होय असा आवाज आला, मंत्री म्हणाले मी विधेयक मांडतो, बसले. लगेच दुसरं. लगेच तिसरं. माझ्या शेजारी बसलेल्या काकांचा चष्मा पुसून होईपर्यंत तीन विधेयकं मांडून झाली होती, खरंच सांगते. मी वहीत नावं लिहायचा प्रयत्न करत होते, पहिल्या दोघांची अर्धी नावं लिहून झाली आणि पुढची सुटली ती सुटलीच.

मला एवढं का लागलं ते सांगते. आमची चाळ उपकरप्राप्त आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, नव्वद वर्षांहून जुनी. म्हाडाच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, ७९-अ वगैरे कलमं आली, राष्ट्रपतींची संमती यायला २०२२ संपत आलं, आणि आम्हाला चाळीत हे सगळं कधी कळलं तर जिन्याच्या भिंतीवर नोटीस चिकटवली तेव्हा. पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला आधी मालकाला सहा महिने, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने. माझी आई त्या जिन्यात उभी राहून चष्मा कपाळावर चढवून ती नोटीस वाचत होती आणि मला विचारत होती, हे कोणी ठरवलं गं? मला उत्तर देता आलं नाही. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट अडून बसलेल्या मालकांमुळे रखडलेल्या किती चाळींना त्याचा आधार आहे. पण आमच्या घराबद्दलचा कागद कधीतरी असाच अर्ध्या मिनिटात मांडला गेला असणार आणि आम्ही तेव्हा कुठे होतो?

तर जाणकारांनी सांगा. त्या दिवशी चर्चा का होत नाही? तो मजकूर आपल्यासारख्यांना कधी आणि कुठे मिळतो? आणि एखादा शब्द पटला नाही तर सांगायचं कोणाला?

निवृत्त_प्रतिवेदक

ताई, तुम्ही वरून खाली बघितलं असेल तर मधल्या टेबलाशी बसून भराभर लिहून घेणारे आणि थोड्या थोड्या वेळाने उठून दुसऱ्याला जागा देणारे लोक दिसले असतील, ते प्रतिवेदक. मी आयुष्यभर तेच केलं, मुंबईत आणि हिवाळ्यात नागपूरला. त्यामुळे या अर्ध्या मिनिटाबद्दल मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

तुम्ही जे बघितलं त्याला पुरःस्थापना म्हणतात. बाळाचं नाव पाळण्यात ठेवतात ना, तेवढंच. सभागृहाने फक्त इतकं म्हटलं की हा कागद आमच्यासमोर येऊ दे. कायदा चांगला की वाईट हे त्या दिवशी ठरत नाही, म्हणून भाषणं नाहीत. एखाद्या सदस्याचा मांडायलाच विरोध असेल तर तो उठून थोडक्यात तसं म्हणू शकतो, पण हे क्वचित होतं. खरी चर्चा पुढे, मंत्री जेव्हा विधेयक विचारात घ्यावं असा प्रस्ताव आणतात तेव्हा. मग एकेक खंड, म्हणजे विधेयकातलं एकेक कलम, मताला टाकतात, दुरुस्त्या असतील तर त्या घेतात, आणि शेवटी तिसरं वाचन, म्हणजे अख्ख्या विधेयकावर मत. विधानसभेनंतर विधान परिषद आणि मग राज्यपालांची सही. धन विधेयक असेल तर ते विधानसभेतच मांडावं लागतं, परिषदेला त्यात चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही.

अधिवेशनाच्या सुरुवातीलाच एवढी विधेयकं एकदम का येतात त्याचंही कारण आहे. सभागृह चालू नसताना सरकार अध्यादेश काढतं, तो अध्यादेश सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत संपतो, घटनेचं २१३ कलम. म्हणून बैठक भरली की आधी अध्यादेश पटलावर आणि पाठोपाठ त्याच विषयाचं विधेयक. म्हणजे तुम्ही ऐकलेल्या नावांपैकी काही तर आधीपासून कायदा म्हणून लागूच असतील.

आणि ताई, मांडलं म्हणजे झालं असंही नसतं. जादूटोणाविरोधी विधेयक आठवा. २००५ मध्ये विधानसभेत मंजूर झालं होतं, परिषदेत अडकलं ते अडकलंच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला, आणि डिसेंबरात नागपूरला दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. त्या अधिवेशनात लिहून घेताना हात नेहमीसारखाच चालत होता, पण मान वर करायची नाही असं मी ठरवलं होतं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं प्रत्येक अधिवेशनात त्या कागदासाठी खेटे घातले तो गॅलरीत असायला हवा होता.

कलमवाली_ठाणे

काकांनी प्रक्रिया छान सांगितली. मी वकील आहे, मजकूर कुठे मिळतो आणि कसा वाचायचा ते सांगते, कारण लोक तिथेच हार मानतात.

विधेयक मांडलं की त्याची प्रत विधानमंडळाच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये येते, मराठीतही असते, राजपत्रातही छापून येतं. नावापेक्षा नंबर लिहून घे, सन अमुकचं विधानसभा विधेयक क्रमांक अमुक, म्हणजे शोधायला सोपं जातं. परिषदेत आधी मांडलं असेल तर विधान परिषद विधेयक क्रमांक असा नंबर असतो.

आता उघडल्यावर पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नकोस, शेवटाकडून घे. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, दीड-दोन पानांचं, त्यात सरकारला हे का हवंय ते साध्या भाषेत असतं. खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापन असतं. आणि एक ज्ञापन असतं की या कायद्याखाली कोणकोणते अधिकार नियम करून किंवा अधिसूचना काढून वापरायला सरकारकडे दिलेत, ते शांतपणे वाच, कारण जे कायद्यात लिहिलेलं नाही ते पुढे नियमांतून येतं आणि नियमांकडे कोणाचं लक्ष नसतं.

मग मूळ खंड. दुरुस्ती विधेयक असेल तर त्यात एवढंच असतं की मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमाच्या अमुक पोट-कलमात "असं" या मजकुराऐवजी "तसं" हा मजकूर दाखल करण्यात येईल. नुसतं वाचून ओ की ठो कळत नाही. मूळ कायदा बाजूला उघडायचा, पेन्सिलीने जुने शब्द खोडायचे, वर नवे लिहायचे, आणि मग सलग वाचायचं. मी अजूनही कागदावरच करते.

हा खटाटोप कशासाठी ते तुझ्याच ७९-अ वरून सांगते. इमारत धोकादायक आहे हे जाहीर करणारा 'सक्षम प्राधिकारी' म्हणजे नेमका कोण, यावरून प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जुलै २०२५ मध्ये कोर्टाने म्हटलं की म्हाडाचा कार्यकारी अभियंता हा त्यासाठी सक्षम प्राधिकारी नाही, आणि तशा नऊशेहून जास्त नोटिसांना स्थगिती दिली. दोन शब्द गं. तुमच्या नोटिसीवर कोणाची सही आहे, आधी किंवा सोबत पालिकेची नोटीस आहे का, हे एकदा बघून घे.

डोंबिवली_फास्ट_नाही

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, पाळण्यात नाव ठेवण्याची उपमा मला पटली नाही. बाळाला मोठं व्हायला वेळ मिळतो. इथे अडचण त्या अर्ध्या मिनिटाची नाहीच आहे, अडचण ही आहे की मांडणं आणि मंजूर करणं यांच्यात किती दिवस ठेवले. मांडलं सोमवारी आणि विचारात घेतलं बुधवारी, तर ताईंनी पीडीएफ डाऊनलोड करून मूळ कायदा शोधून पेन्सिल हातात घेईपर्यंत कायदा झालेला असतो. आमदारांनाही प्रत हातात पडून वाचायला रात्र मिळत नाही आणि मग शेवटच्या दिवशी गोंधळात आवाजी मतदानाने एकामागोमाग एक पास. हे मी कुठल्या एका पक्षाबद्दल बोलत नाही, माझ्या पाहण्यात सगळ्यांनी हेच केलंय.

आणि वेळ मिळाला की काय होतं याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. जनसुरक्षा विधेयक, नक्षलवादी संघटनांना आळा घालायचा म्हणून सरकारने आणलेलं. पहिल्यांदा मांडलं ११ जुलै २०२४ ला, अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी. तेव्हा मंजूर झालं नाही, पुढे निवडणुकीमुळे विधानसभा विसर्जित झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला पुन्हा मांडलं पण या वेळी दोन्ही सभागृहांतल्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून सूचना मागवल्या, बारा हजारांहून जास्त आल्या. त्यातली एक आमची होती. आम्ही चार मित्र एकाच्या घरी बसून रात्री दोन वाजेपर्यंत खंड वाचत होतो, त्याच्या आईने दोनदा पोहे केले, आणि तीन पानी पत्र टाईप करून पाठवलं.

जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं तेव्हा काही गोष्टी बदललेल्या होत्या. 'व्यक्ती आणि संघटना' असं जे मोघम होतं त्याजागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असं आलं, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. मला हे पुरेसं वाटत नाही, 'तत्सम' या शब्दाची मला अजूनही भीती वाटते आणि त्या कायद्याला माझा विरोध आहेच. पण जे काही बदललं ते मधल्या सहा-सात महिन्यांमुळे बदललं, सभागृहातल्या भाषणांनी नाही. म्हणून माझं म्हणणं एकच, गॅलरीत बसून चर्चा का नाही म्हणून वाईट वाटून घेण्यापेक्षा त्याच दिवशी आपल्या आमदाराला गाठा आणि म्हणा की हे समितीकडे पाठवायची मागणी करा.

निवृत्त_प्रतिवेदक

डोंबिवलीकर, मान्य. वेळेचा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळला. नागपूरच्या शेवटच्या दोन दिवसांत आम्ही इतकी विधेयकं लिहून घेतली आहेत की रात्री झोपेतही 'विधेयक संमत झाले' ऐकू यायचं. गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, विधानसभेत २८८ पैकी २९ सदस्य पुरतात, आणि संध्याकाळी उशिरा मी बाकं रिकामी बघितली आहेत. त्याचं वाईट मलाही वाटायचं, टेबलाशी बसून चेहऱ्यावर दाखवायची सोय नव्हती एवढंच.

पण ते अर्धं मिनिट मी कमी लेखणार नाही. तो क्षण आला की कागद सार्वजनिक होतो. त्याआधी तो मंत्रालयात असतो, विधी व न्याय विभागात असतो, मंत्रिमंडळात असतो, तिथे तुम्हाला आम्हाला प्रवेश नाही. मांडला की तो सगळ्यांचा. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, वि. स. पागे तेव्हा परिषदेचे सभापती, योजना त्यांच्या डोक्यातली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला काम मागायचा हक्क आहे हे जेव्हा खंड म्हणून छापलं गेलं तेव्हा ती मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. तोही कागद कधीतरी असाच उभं राहून मांडला असेल.

ताई, तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. पटलं नाही तर सांगायचं कोणाला? तुमच्या आमदारांना, पण तोंडी नको. कोणत्या खंडातला कोणता शब्द, त्याऐवजी कोणता हवा, आणि का, एवढं एका पानावर लिहून द्या. आमदार खंडाला दुरुस्ती सुचवू शकतो, पण त्याला ती लेखी द्यावी लागते, आणि आयती लिहून मिळाली तर तो देण्याची शक्यता वाढते, हे मी अनुभवाने सांगतो. विरोधी पक्षाच्या एखाद्या आमदारालाही तीच प्रत द्या.

चाळकरी_गिरगाव

काका, वकीलताई, डोंबिवलीकर, मनापासून आभार. कालच्या रविवारी हे सगळं वाचून मी २०२० च्या दुरुस्तीची प्रिंट काढली, मूळ कायद्याच्या त्या कलमांचीही काढली, आणि गच्चीवर बसलो आम्ही नऊ जण. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गिरणीतून रिटायर झालेले, त्यांनी पेन्सिल घेतली. खोड, वर लिही, पुन्हा वाच. चहा गार झाला. आई एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, म्हणजे सहा महिने मालकाचे संपले तरी आपले सहा महिने वेगळे आहेत, ते नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजायचे का? कोणालाच सांगता येईना, पण तो प्रश्न आम्ही तारखेसकट कागदावर लिहिला.

वकीलताई, नोटिसीवर सही कार्यकारी अभियंत्याचीच आहे. पालिकेची कुठलीही नोटीस आमच्याकडे नाही, दोनदा शोधलं. आता आम्ही काय करावं?

कलमवाली_ठाणे

नोटिसीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेव, भिंतीवरून काढू नका. भाडेकरूंची नोंदणीकृत संस्था आहे का ते सांग, नसेल तर ते काम आधी. आणि आईंचा तो तारखेचा प्रश्न जसा लिहिलाय तसाच मला मेसेज कर, मला तो कलमाशी ताडून बघायचाय. शनिवारी संध्याकाळी मी गिरगावात आहे, तुम्हाला चालणार असेल तर गच्चीवर येते.