आश्रमशाळांतल्या ॲनिमिया ट्रायलची टाइमलाइन कशी आखायची?

मुक्ता_एमपीएच:
नमस्कार मंडळी. नंदुरबार आणि गडचिरोलीतल्या आश्रमशाळांत मुलींच्या ॲनिमियावर दोन वर्षांची ट्रायल आहे. निम्म्या शाळांत शिक्षकांसमोर लोहाची गोळी, निम्म्यांत नेहमीसारखंच. ग्रँट एप्रिलपासून सुरू झालीय आणि पीआय (मुख्य संशोधक) सर म्हणतात जुलैत पहिलं रक्त घ्यायचं. दोन संस्थांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आदिवासी प्रकल्प कार्यालयाची परवानगी, भरती, सगळं एकदम अंगावर आलंय. गँट चार्ट (कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता) बनवलाय पण खरा वाटत नाही. सुरुवात कुठून करू?

रोवणी_डॉट:
ताई आधी संमतीचं बघा. १८ च्या आतल्या मुली म्हणजे पालकांची सही आलीच, वर १२ च्या पुढच्या मुलींची स्वतःची लेखी संमती पण. पालक राहतात पाड्यावर, शाळेत हमखास येतात ते जूनमध्ये पोरींना सोडायला आणि दिवाळीच्या सुट्टीला न्यायला-आणायला, ते दिवस हुकले की पाडे पालथे घालत बसावं लागतं आणि रोवणी (भातलावणी) लागली की घरी म्हातारंकोतारंच भेटतं. शिवाय एथिक्सचं पत्र आल्याशिवाय सीटीआरआयचा (ट्रायल नोंदवायची सरकारी नोंदवही) नंबर नाही, आणि एप्रिल २०१८ पासून पहिली मुलगी घ्यायच्या आधीच नोंदणी लागते. जुलै विसरा, दिवाळी धरा.

आकडेमोड:
सॅम्पल साइझ (किती मुली लागतील ते) कोणी काढलाय? शाळेनुसार गट पाडताय, म्हणजे एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या असणार. शाळेमागे ४१ मुली आणि आयसीसी (हे सारखेपण मोजणारा आकडा) ०.०५ धरलात तरी डिझाइन इफेक्ट ३ येतो, म्हणजे एकेक मुलगी वेगळी निवडली असती त्याच्या तिप्पट मुली. हे आत्ता कळलं तर शाळा वाढवता येतात, नंतर काहीच करता येत नाही. आणि या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यानेही ॲनिमिया होतो) आहे, त्याची तपासणी बेसलाइनलाच, म्हणजे गोळ्या सुरू व्हायच्या आधीच्या पहिल्या मोजणीत करा, नाहीतर हिमोग्लोबिन का वाढलं नाही ते शेवटी कळणारच नाही.

मुक्ता_एमपीएच:
बापरे, सिकलसेल प्रोटोकॉलमध्ये नाहीये. पण सरांना उशिराचं सांगू कसं?

रोवणी_डॉट:
गडचिरोलीचंच उदाहरण द्या ना. तिथल्या 'सर्च' या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांच्या सेवेची ट्रायल केली, ३९ गावांत सेवा आणि ४७ गावं तुलनेला. १९९३ ते ९५ नुसती बेसलाइन, सेवा त्यानंतर. १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि आज आशाताईंच्या घरभेटींमागे तेच काम आहे. घाई केली असती तर तुलनेला काय राहिलं असतं? सिकलसेल एथिक्सला जायच्या आधीच प्रोटोकॉलमध्ये घाला, आणि ग्रँटवाल्यांकडे मुदतवाढीचं पत्र याच महिन्यात टाका, शेवटच्या तिमाहीत मागितलं की ते ऐकत नाहीत.