जुन्या चाळीच्या जाड विटांच्या भिंती भूकंपात टिकतील का?

प्रश्न : गिरगावकर_तिसरा_मजला

नमस्कार. आमची चाळ गिरगावात असून ती १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या) इमारतींपैकी आहे. तळमजला अधिक तीन मजले, चुन्यात बांधलेल्या दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंती, सागवानी तुळयांवर लाकडी फळ्यांची जमीन आणि वर मंगलोरी कौले असे तिचे स्वरूप आहे. भिंतींत लोखंडी सळई कोठेही नाही. सध्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढण्याचे घाटत आहे. ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असे, की १९६७ साली कोयनेच्या भूकंपात मांडणीवरची भांडी वाजली, पण भिंतीला चीरसुद्धा गेली नाही. तेव्हा एवढ्या जाड भिंतींना धोका नाही. हा भरवसा योग्य आहे काय? नसल्यास मर्यादित पैशांत प्रथम कशाकडे पाहावे?

उत्तर : तुळई_आणि_तोडी

मी संरचना अभियंता आहे. इमारत प्रत्यक्ष न पाहता तिच्याविषयी निर्णय देता येत नाही, परंतु अशा इमारती कशा वागतात ते सांगता येईल.

वीटकामाचे वजन घनमीटरला सुमारे १,९०० किलो असते. दीड फुटी भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे साडेआठशे किलो होतात. जमीन हलू लागली की हे वजनच भिंतीला आडवे ढकलते. गुरुत्वाकर्षणाच्या केवळ एक दशांश इतक्या हादऱ्याने दर चौरस मीटरला पंच्याऐंशी किलोचा आडवा रेटा बसतो. जाड भिंत सहजासहजी कलंडत नाही हे खरे, पण तिला खेचणारे ओझेही तितकेच मोठे असते. शिवाय वीट आणि चुना दाब उत्तम सोसतात, ताण जवळजवळ नाहीच. सळई असती तर तो ताण तिने घेतला असता.

तरीही माझ्या मते खरा प्रश्न जाडीचा नसून सांध्यांचा आहे. मिठाईचे रिकामे खोके झाकण न लावता बाजूने दाबून पाहा, कड लगेच बाहेर फुगते. झाकण घट्ट बसवले की तेच खोके ताठ राहते. भिंत आपल्या लांबीच्या दिशेने पुष्कळ जोर सोसते, जाडीच्या दिशेने फारच थोडा. म्हणून आडव्या रेट्यात सापडलेल्या भिंतीला तिच्या काटकोनातल्या भिंतींनी धरून ठेवावे लागते, आणि ही पकड कोपऱ्यांतून व मजल्यांच्या जमिनींतून येते. आपल्या चाळींत तुळयांची टोके भिंतीतल्या कोनाड्यांत नुसती टेकवलेली असतात. भिंत बाहेर झुकली की टोक निसटते आणि मजला खाली येतो. ज्या भिंती तुळयांना समांतर असतात त्यांना तर तेवढाही आधार नसतो.

पडझड बहुधा वरून सुरू होते, कारण वरचा मजला अधिक हलतो आणि तेथील विटांवर त्यांना दाबून ठेवणारे वजन कमी असते. आधी गच्चीचे कठडे व कौलांखालच्या त्रिकोणी भिंती, मग वरच्या मजल्याची दर्शनी भिंत. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये अशाच दर्शनी भिंती रस्त्यावर कोसळल्या आणि पादचारी, तसेच बसमधले प्रवासी त्यांखाली सापडले. खिडक्यांच्या मधल्या अरुंद भागांत फुलीच्या आकाराच्या तिरक्या चिरा पडतात, पण तशी भिंत पुष्कळदा उभी राहते. बाहेर कलंडलेली राहत नाही.

कोयनेच्या दाखल्याविषयी थोडे. कोयनानगर मुंबईपासून बरेच दूर आहे, आणि दूरच्या भूकंपातून येथवर पोचतात त्या मुख्यतः संथ लाटा. त्या उंच इमारतींना झुलवतात; ठेंगण्या, ताठ चाळीला त्यांचा उपद्रव कमी. जवळच मध्यम भूकंप झाला तर झटपट हादरे बसतील आणि ते नेमके तुमच्या इमारतीला झोंबतील. आय. एस. १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये आहे. त्यातून १९६७ नंतर तुमच्या सागाने पन्नासाहून अधिक पावसाळे खाल्ले आहेत.

उत्तर : माळवदाखालचा

मी मूळचा औसा तालुक्यातला, आता परळला राहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरे बसली त्यांच्या भिंती अडीच-तीन फूट जाडीच्या होत्या. चिखलात रचलेले दगड, आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे थर, त्यांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. थर सुटे झाले, भिंती फुगल्या आणि माळवद खाली आले. काही घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले, भोवतालच्या भिंती मात्र ढासळल्या. आमच्याकडेही वडीलधारे जाडीचाच हवाला देत असत.

गिरगावकर_तिसरा_मजला

आभारी आहे. एक गोष्ट लिहायची राहिली होती. तळमजल्यावरच्या एका दुकानदाराने काही वर्षांपूर्वी मधली भिंत काढून लोखंडी तुळई टाकली. आणि गच्चीवर नव्या पाण्याच्या टाक्या बसवण्याचा विचार आहे.

उत्तर : तुळई_आणि_तोडी

मग पहिला खर्च त्या भिंतीच्या तपासणीवर करा. एका मजल्याची भिंत गेली की आडवा रेटा उरलेल्या भिंतींवर येतो, आणि लोखंडी तुळई केवळ वरचा भार पेलते. टाक्या वर नेऊ नका. त्यानंतर कठडे व सैल विटा, आणि मग तुळया भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी बांधणे. पट्टी भिंतीच्या आरपार नेऊन बाहेर चकतीने आवळतात. समांतर भिंतींसाठी पट्टी तीन-चार तुळयांवरून न्यावी. जुन्या वीटकामाच्या बळकटीकरणासाठी आय. एस. १३९३५ हे मानक आहे, अभियंत्याकडे त्याचा आग्रह धरा. सर्व भिंती बदलण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

उत्तर : चुनेवाला

वरील मताशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. दुरुस्तीच्या नावाखाली चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा सर्रास चढवला जातो. भिंत वरून टणक दिसते, पण आतली ओल बाहेर पडेनाशी होते आणि कोनाड्यातले तुळईचे टोक कुजते. कुजलेल्या लाकडाला पट्टी बांधून उपयोग नाही. पट्ट्यांची मापे घेण्याआधी प्रत्येक टोकाशी गिलावा फोडून स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. लोण्यासारखा शिरला तर तेवढा भाग कापून नवे लाकूड सांधावे. मोरीशेजारची आणि पन्हाळाखालची टोके आधी पाहा.