मंडळाच्या मुलांचा जत्रेतला स्टॉल : अनुभव धागा

दिवाळीचे बाजार, मग पौष पौर्णिमेपासून प्रभादेवीची जत्रा, त्याच सुमारास उपनगरांतले मालवणी जत्रोत्सव. या दिवसांत मुंबईतली कितीतरी मंडळं पंधरा ते वीस वयाच्या मुलामुलींना पुढे करून एखादा स्टॉल लावतात. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय, करून घेतलंय, त्यांनी इथे लिहावं. आठवणी दुसरीकडे लिहू. इथे प्रमाण, माप, क्रम आणि नेमकं कुठे बिघडतं ते हवंय. पहिल्यांदा स्टॉल लावणाऱ्या मंडळाला वाचून थेट कामाला लागता यावं, एवढीच अपेक्षा.

भांडुपकर

सोलकढीपासून सुरुवात करतो, कारण नवख्या मुलांसाठी तळणापेक्षा ती कितीतरी बरी. आच नाही, उकळतं तेल नाही. कोंबडी-वडे विकायचे असतील तर कढईपाशी मोठी माणसंच उभी करा. अठराच्या आतल्या पोराला गर्दीत तेलाजवळ उभं करू नये, या मताचा मी ठाम आहे.

150 मिलीचे 100 ग्लास म्हणजे 15 लिटर. त्याला मध्यम आकाराचे 25 नारळ लागतात. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) साधारण एक लिटर, लसूण पाव किलोच्या आत, मिरची चवीप्रमाणे. लहान मुलांसाठी बिनमिरचीचं एक भांडं वेगळं काढा, ते हमखास आधी संपतं. नारळ खवताना करवंटीपर्यंत जाऊ नका. पाठीची तपकिरी साल आली की कढी मळकट दिसते आणि मग कोणीतरी बीट घालून रंग आणायचं सुचवतं. बीट घालू नका, चव गोडसर होते आणि मालवणी गिऱ्हाईक पहिल्या घोटाला ओळखतं.

वाटताना कोमट पाणी घ्या, गरम नको. गरम पाण्याने नारळाचं दूध तेलकट सुटतं आणि गार झाल्यावर वर चरबीचा थर धरतो. पहिलं दूध घट्ट, त्याच चोथ्याचं दुसरं दूध पातळ. दोन्ही वेगळी ठेवा आणि शेवटी एकत्र करून दाटपणा जुळवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आगळ घालण्याच्या वेळेचा. दुपारी दोनला सगळ्या 15 लिटरमध्ये आगळ घालून ठेवलं की संध्याकाळी सातला वर पाणी, खाली गाळ. दूध बर्फात ठेवायचं आणि तीन-तीन लिटरच्या घाण्यात आगळ मिसळायचं. आगळात मीठ आधीच असतं, म्हणून मीठ सर्वांत शेवटी आणि चाखूनच. भांडी स्टीलचीच घ्या. पितळ किंवा ॲल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ कळकतो.

बर्फ भांड्याच्या बाहेर, टबात. आत टाकायचाच असेल तर खाण्याचा बर्फ पावती घेऊन आणा. 2018 पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे. म्हणून निळसर लादी भांड्याभोवती चालेल, ग्लासात कधीच नाही. ही एक गोष्ट प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवी.

गिरगावातली

भांडुपकरांच्या यादीत ग्लासांची भर घालते. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ग्लासांवर 2018 पासून राज्यात बंदी आहे, म्हणून डेकोरेटरकडून स्टीलचे ग्लास भाड्याने घ्या. 100 ग्लास कढीसाठी 40 पुरतात, फिरते राहतात. धुण्याला तीन टब: पहिल्यात नुसतं खंगाळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. दर पन्नास ग्लासांनी तिसऱ्या टबाचं पाणी बदला. पाण्याची सोय मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. ऐन गर्दीत बादली घेऊन माणसांतून जाणं फार अवघड. हात धुण्यासाठी तोटी लावलेला 20 लिटरचा जार वेगळा, तो पिण्याच्या पाण्यात मोजू नका.

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, तिचा 14 आकडी क्रमांक स्टॉलवर दिसेल असा लावा. अर्ज ऑनलाइन होतो, पण आठवडाभर आधी करून भागत नाही, महिनाभर हाताशी ठेवा. गॅस असेल तर 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर. घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर स्टॉलवर चालत नाही.

मीटरवाला

विजेचं थोडक्यात. 10 बाय 10 फुटांच्या स्टॉलला 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब भरपूर होतात. आयोजकांना पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या स्टॉलला एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारी कळ) किती अँपिअरची, आणि ती शेजाऱ्याबरोबर वाटून आहे का? 6 अँपिअरची असेल तर 750 वॅटचा मिक्सर (सव्वातीन अँपिअर) चालेल. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास 9 अँपिअर ओढते, तिथे एमसीबी पडणारच. मुलं काय करतात, तर ती पुन्हा पुन्हा वर करत बसतात. तसं करू देऊ नका, लोड काढा.

एक्स्टेंशनची रीळ अर्धी गुंडाळलेली ठेवून वापरली की आतल्या वायरी तापून चिकटतात. पूर्ण उलगडा. जोड जमिनीवर नको, बांबूला उंच बांधा, सोलकढी सांडतेच. दिव्याचं सामान लोहार चाळीतून घेताना एक ट्यूब आणि एक होल्डर जास्तीचा घ्या.

हिशेबनीस

सगळ्यात जास्त भांडणं पैशांवरून होतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा चोरी नसून गोंधळ असतो. त्यासाठी कुपनं. क्रमांक छापलेली 100-100 ची पुस्तकं करून घ्या. पैसे घेणारा कुपन देतो, कढी देणारा ते घेऊन फाडतो. पैसे घेणाऱ्याने भांड्याला हात लावायचा नाही आणि भांड्यापाशी उभ्या असलेल्याने पैशाला. स्वच्छतेलाही हेच बरं. रात्री शेवटच्या कुपनाचा क्रमांक वजा पहिला, अधिक एक, इतके ग्लास गेले. चाखवलेले आणि सांडलेले वेगळ्या वहीत पाच-पाचच्या काड्यांनी लिहा, नाहीतर कढी आणि कुपनं कधीच जुळत नाहीत.

सुटे: दहाच्या 100, वीसच्या 50, पन्नासच्या 20 नोटा. तीन हजार रुपये होतात, ते विक्रीत मोजायचे नाहीत. सुरुवातीला पाकिटावर लिहून दोघांनी सही करा.

क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा. एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यावर पैसे घेतले की ते त्याचं उत्पन्न दिसतं आणि वर्षाच्या ऑडिटला मंडळाकडे दाखवायला काही उरत नाही. गर्दीत नेटवर्क जातं. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवतं, आपल्याकडे संदेश येत नाही. साउंड बॉक्स बोलला किंवा मंडळाच्या फोनवर रक्कम आली तरच कुपन द्या. मुलांना हे आधी सांगा, कारण पुढ्यातल्या काकांना थांबायला सांगायची त्यांना लाज वाटते.

किंमत ठरवताना मुलं नारळ, आगळ धरतात आणि भाडं विसरतात. समजा चार दिवसांचं भाडं 6000, म्हणजे दिवसाला 1500. रोज 100 ग्लास विकले तर प्रत्येक ग्लासावर 15 रुपये नुसतं भाडं बसतं. साहित्य, भाडं आणि त्यावर दहा टक्के नासधूस, मग नफा. हा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या. आपण तयार किंमत सांगितली तर त्यांना त्यातलं काही कळत नाही, आणि स्टॉल लावण्यामागचा निम्मा अर्थ तिथेच जातो.

माहीमकर

खाण्याचं नको असेल तर दिवाळीआधी कंदील. माहीमची कंदील गल्ली एकदा मुलांना पायी फिरवून आणा: आकार, भाव, टांगण्याची पद्धत, सगळं दिसतं. कागद आणि झिरमिळ्यांचं सामान अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतं.

सुरुवातीला सोपा सांगाडा घ्या: सहा चौकोन, म्हणजे 24 सारख्या कामट्या. चौकोनांचे कोपरे एकमेकांना बांधले की मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. चौकोनाला बाजूइतकाच कागद कापला तर चिकटवायला कडा राहत नाही. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवा. कामट्यांत दोन मिलिमीटरचाही फरक पडला की शेवटचा कोपरा जुळत नाही, म्हणून कापताना एकच पट्टी नमुना धरा, आधीची कापलेली कामटी नको. मैद्याची खळ पातळ लावा. जाड लागली की कागद सुकताना सुरकुततो. वरचा चौकोन उघडा ठेवा, होल्डर तिथूनच आत जातो. बल्ब 5 वॅटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब आत लावला तर कागद करपतो.

तयार कंदील लोकलने न्यायचे तर गर्दीची वेळ टाळून लगेजच्या डब्यातून, आणि रविवारी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी पाहून. झिरमिळ्या स्टॉलवर पोचल्यावर लावा.

गिरगावातली

पाळ्यांबद्दल राहिलं होतं. एका वेळी चौघं: पैसे, वाढप, गिऱ्हाइकाशी बोलणं, भरणी-धुणी. दोन तासांनी जागा बदला, म्हणजे प्रत्येकाला चारही कामं येतात आणि धुण्यावर एकच मुलगी अडकून पडत नाही. जानेवारीत दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा असतात, त्या मुलांना फक्त शनिवार-रविवार द्या. प्रत्येकाच्या पालकांचा नंबर कागदावर, फोनमध्ये नव्हे. लाउडस्पीकर दहाला बंद होतो, त्यानंतर विक्री पडते. शेवटच्या पाळीतल्या मुलांना सव्वादहाला घरी पाठवा. आवराआवर मोठ्यांनी करावी. ग्लास मोजून डेकोरेटरला परत, कमी भरले तर तेवढी रक्कम अनामतीतून जाते. म्हणून रोज रात्री मोजा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.