कुलूप-किल्लीची उपमा अपुरी पडते
बीटा-२ ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेले, बाहेरचा संदेश आत पोहोचवणारे प्रथिन. संयुग, म्हणजे संदेश आणणारा रेणू, या ग्राहीत किल्लीसारखे बसते आणि ग्राही ‘चालू’ होतो, असे सहसा सांगितले जाते. सुरुवातीपुरते ते ठीक आहे. पण हा ग्राही रिकामा असतानाही निष्क्रिय आणि सक्रिय रूपांमध्ये सतत हेलकावे खात असतो, आणि ॲड्रेनॅलिन किंवा दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल पारडे सक्रिय रूपाकडे झुकवते. बीटा-२ ग्राहीची जी-प्रथिनासह (पेशीच्या आत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनासह) रचना २०११ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने उलगडली, तेव्हा ग्राहीच्या आवरण ओलांडणाऱ्या सात सर्पिलांपैकी सहाव्याचे पेशीच्या आतले टोक सुमारे १४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) बाहेर सरकलेले दिसले. तिथे झालेल्या पोकळीत जी-प्रथिनाचे टोक शिरते, जी-प्रथिनाला चिकटलेला जीडीपी हा छोटा रेणू सुटतो आणि त्याच्या जागी जीटीपी हा त्याच्यासारखाच रेणू येऊन बसतो. मला विलक्षण वाटते ते हे, की संयुग बसते या पोकळीपासून बरेच दूर, पेशीबाहेरच्या बाजूला, आणि तिथली हालचाल जेमतेम एकदोन अँगस्ट्रॉमचीच असते.