बालसाहित्यिकांच्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं का?

पानगळ:
पाच ते आठ वयोगटासाठी मराठीत लिहितो. दिवाळी अंकांत गोष्टी छापून आल्या आहेत, आता चित्रपुस्तकाचं हस्तलिखित तयार आहे. अमेरिकेतली एससीबीडब्ल्यूआय (मुलांच्या पुस्तकांच्या लेखक-चित्रकारांची संस्था), दिल्लीची एडब्ल्यूआयसी (असोसिएशन ऑफ रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स फॉर चिल्ड्रन) आणि आपली अखिल भारतीय मराठी बालकुमार साहित्य संस्था, यांपैकी कुठे सभासद व्हावं? डॉलरमधली वर्गणी वसूल होते का? आणि प्रकाशक हे बघतात का?

गोष्टवेल्हाळ:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मराठी प्रकाशक सभासदत्व विचारत नाहीत, ते हस्तलिखित बघतात. पुरस्कारांचंही तेच. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार (2010 पासून, रक्कम 50,000 रुपये) किंवा राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार यांसाठी कुठल्या संस्थेचं कार्ड लागत नाही.

एससीबीडब्ल्यूआय 1971 साली लॉस एंजेलिसमध्ये स्टीफन मूझर आणि लिन ऑलिव्हर यांनी सुरू केली. एकही पुस्तक नसलं तरी सभासद होता येतं. प्रकाशक-एजंटांची माहिती, संमेलनं, अनुदानं आणि वाचनगट (एकमेकांचं लिखाण वाचून मत देणारे) हे तिथे मिळतं, पण सगळं इंग्रजीत आणि मुख्यतः इंग्रजी बाजारासाठी. तुम्ही फक्त मराठीत लिहिणार असाल तर बरीचशी वर्गणी वाया जाईल. गोष्ट स्वतः इंग्रजीत आणून बाहेर पाठवायची असेल तर मात्र जरूर घ्या, कारण तिथले संकेत वेगळे आहेत: पुस्तक साधारण 32 पानांचं, मजकूर शक्यतो 500 शब्दांच्या आत, ओळींत दुप्पट अंतर, आणि सोबत चित्रकार जोडायचा नाही, तो प्रकाशक निवडतो. ओळखीच्या चित्रकाराकडून सगळी चित्रं काढून घेऊन पाठवली की दोघांचीही मेहनत एकदम नाकारली जाऊ शकते.

पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू आहेत का बघा, बहुतेकदा ते बंद असतात. वर्गणी आपोआप नूतनीकरण होणारी आहे का, तेही तपासा.

एडब्ल्यूआयसीचं महत्त्व निराळं आहे. व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी 1981 मध्ये स्थापन केलेली ही संस्था आयबीबीवाय या मुलांच्या पुस्तकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची भारतीय शाखा आहे. या मंडळाचा बालसाहित्यासाठीचा अँडरसन पुरस्कार किंवा आयबीबीवायची सन्मानयादी यांसाठी लेखकाला थेट अर्ज करता येत नाही, नावं राष्ट्रीय शाखाच सुचवते. चार-पाच पुस्तकं झाल्यावर त्या शाखेला तुमचं काम माहीत असणं उपयोगी पडेल. आज पहिल्या हस्तलिखितावर तिचा फारसा परिणाम होणार नाही.

तिरपा_उजेड:
मला वाटतं, संस्थेतून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वाचनगट. तो मराठीत हवा, म्हणून बालकुमार संस्थेच्या कार्यक्रमांना जा आणि तिथून चार ते सहा माणसं शोधा. एक तरी चित्रकार आणि एक तरी पहिली-दुसरीला शिकवणारी व्यक्ती असू द्या.

मजकूर आठवडाभर आधी पाठवायचा. बैठकीत लेखकाने स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. लेखक वाचतो तेव्हा आवाजाने त्रुटी झाकतो, आणि दुसरा वाचताना जिथे अडखळतो ती ओळ दुरुस्तीला आलेली असते. चर्चा संपेपर्यंत लेखकाने खुलासे करायचे नाहीत. पुस्तकाबरोबर खुलासे जात नाहीत.

आणि डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची नमुना प्रत, बनवाच. सहा ए-फोर कागद मधोमध दुमडले की 24 पानं होतात. शीर्षक आणि श्रेयनामावलीची पानं सोडून उरलेल्यांवर मजकूर कापून चिकटवा. पान उलटताना उत्सुकता राहते का, चित्रात दिसणारच आहे ते शब्दांत पुन्हा सांगितलंय का, सलग तीन पानं पात्रं एकाच खोलीत बोलत बसली आहेत का, हे लगेच कळतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाने स्वतः वाचायचं असेल तर जोडाक्षरांवर पेन्सिलीने खुणा करा, एका पानावर पाच-सहा आली तर वाक्य बदला.

असे गट बिघडतात ते बहुधा एकाच कारणाने: सगळे एकमेकांना 'छान' म्हणू लागतात. म्हणून प्रत्येकाने एक जागा नेमकी दाखवायची, 'इथे मी गोष्टीतून बाहेर पडलो' अशी.

कलम_एकोणीस:
करार वाचायला शिकणं हाही सभासदत्वाचा मोठा फायदा आहे, जुनेजाणते सभासद असतील तर. तोवर निदान एवढं लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते हस्तांतर संपतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणूनच 'सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' ही ओळ दिसली की थांबा. अनुवाद, ऑडिओ आणि ई-पुस्तक यांची टक्केवारी वेगवेगळी लिहून मागा. रॉयल्टी छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर, आणि चित्रकाराचा वाटा त्यातूनच की वेगळा, हेही.

स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर गोष्ट टाकणार असाल तर तिथला परवाना मुक्त आहे. श्रेय देऊन कुणीही ती छापू-विकू शकतं. मुलांपर्यंत पोचायला उत्तम, पण तीच गोष्ट नंतर प्रकाशकाला अनन्य हक्कांसह देता येणार नाही.

पानगळ:
खूप मदत झाली. एक राहिलं: व्हॉट्सॲपवर 'संस्था' म्हणवणारे काही गट संग्रहात कथा घेण्यासाठी सहभाग शुल्क मागतात, वर पुरस्कारही देतात. ते धरायचे का?

कलम_एकोणीस:
नाही. वर्गणी संस्था चालवायला असते, तुमची कथा छापायला नाही. पैसे देण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, मागच्या वार्षिक सभेचा अहवाल आणि लेखापरीक्षण मागा. नोंदणीकृत संस्थेला ते दाखवायला अडचण नसते. संग्रहाच्या प्रती कोण विकतं आणि हक्क कुणाकडे राहतात, हेही लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर कथा पाठवू नका.