मदत हवी आहे: ऑनलाइन फ्लाइट प्लॅनची नोंदणी अडकली आहे

नमस्कार मंडळी. वैमानिक परवाना माझा, विमान क्लबचं. फ्लाइट प्लॅन (उड्डाणाआधी हवाई वाहतूक नियंत्रणाला द्यायचा मार्ग-वेळेचा तपशील) ऑनलाइन भरता यावा म्हणून केलेला नोंदणीचा अर्ज दोनदा परत आलाय. आधी संमतीपत्रावर क्लबचा शिक्का नव्हता. आता परवान्यावर मधलं नाव पूर्ण आणि ओळखपत्रावर नुसतं आद्याक्षर, म्हणून नाव जुळत नाही म्हणतात!

तोवर कागदी फॉर्म, तोही निघण्याच्या ६० मिनिटं आधी पोहोचवायचा. रकाना १९ मध्ये इंधन किती वेळ पुरेल, विमानात माणसं किती, हे असतं. शोध घ्यायची वेळ आली तर तीच माहिती कामी येते, त्यामुळे ती घाईत खरडायला मन धजत नाही.

नावातला फरक कुणाचा प्रतिज्ञापत्रावर निभावलाय का? आणि क्लबच्या एकाच खात्याला सगळे वैमानिक जोडता येतात का?